राखेच्या ट्रेची दोरी

अरे, त्या शेगडीचं सांगायचं राहिलंच. मुलुंडला आमच्या सुनेचं थालीपिठाचं दुकान आहे. शेगडी पेलेटवर, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुशावर चालते. आठवडाभर ती नुसती धुमसत होती. सोसायटीचे सेक्रेटरी सकाळी बजावून गेले, "संध्याकाळपर्यंत धूर थांबला नाही, तर दुकान बंद." सून भांडी आवरायला लागली.

मी उदबत्ती पेटवली आणि शेगडीखालच्या राखेच्या ट्रेच्या कडेने फिरवली.

"बाबा, पूजा करून धूर जातो का?"

"बघ."

एका कोपऱ्यात उदबत्तीचा धूर झपकन आत ओढला गेला. ट्रेच्या कडेची सीलची, म्हणजे फट बुजवणारी न जळणारी दोरी तिथे झिजली होती. नको तिथून हवा शिरून जाळ बिघडत होता. जुनी दोरी खरवडून काढली, नवी चिकटवली, सुकू दिली. जाळ स्वच्छ झाला.

संध्याकाळी दुकानापुढे गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना ओलांडून सेक्रेटरी पुढे आले. नाक वर करून म्हणाले, "वास अजून येतोय."

सुनेचा चेहरा उतरला. "धुराचा?"

"नाही हो, थालीपिठाचा. दोन बांधा."

माझा जीव भांड्यात पडला. पण म्हटलं, "साहेब, रांग तिकडून आहे."