जगज्जेतीचा नवरा मैदानाबाहेर

...नाही नाही, मला विचारूच नका! बायको जगज्जेती, लॉन बोल्समध्ये अकरा सुवर्णपदकं, चौदा देश पालथे घातलेले, आणि लोक दुकानात येऊन मला विचारतात, “काय हो टेलर, कशा खेळतात वहिनी?” आता काय सांगू, कपाळ? मी बघितलं नाही हो!

हसू नका. पहिल्या स्पर्धेला गेलो होतो मी, दुकान बंद ठेवून, हिच्या पांढऱ्या पँटला स्वतः इस्त्री करून! आता हा खेळ कसा, तर हिरवळीवर लांब एक लिंबाएवढा पांढरा चेंडू असतो, त्याला म्हणायचं जॅक, आणि आपले मोठे चेंडू घरंगळत सोडून त्याच्या जवळात जवळ नेऊन थांबवायचे. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं! पण तो मेला चेंडू एका अंगाला झुकता, सरळ जातच नाही! निघतो शेजारणीच्या दारात जायला आणि वळून येतो आपल्या घरी. मला काय माहीत! ही वाकली, हात मागे नेला, आणि मी ओरडलो, “अगं, चुकलीस! डावीकडे, डावीकडे!”

चेंडू गेला थेट कडेच्या चरात. सामना गेला. घरी आल्यावर ही पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली... ही शांतपणे बोलली की समजावं, आपलं काही खरं नाही... “अहो, यापुढे तुम्ही मैदानावर यायचं नाही.”

झालं! सोळा वर्षं! आणि ही जिंकतच सुटली! न्हावी बघून आला, दातांच्या डॉक्टरीणबाई बघून आल्या, माझी सख्खी सासू, जिला समोरचा जिना दिसत नाही, ती बघून आली! “जावईबापू, काय ते हाताचं वळण!” टीव्हीवर बघावं, तर हा खेळ दाखवतं कोण? वर शेजारचे बँकवाले, “धावायचं नाही, घाम नाही, खेळ कसला हा?” अहो, दिवसाला दोनशे वेळा गुडघ्यात वाकून दाखवा की! हिने सकाळी टपाल कचेरीत शिक्के मारायचे, संध्याकाळी तीन तास सराव... छातीवर हात ठेवून सांगतो, असं माणूस मी बघितलं नाही! म्हणजे माणूस रोज बघतो, खेळ बघितला नाही हो!

आणि यंदा ही म्हणाली, “ही शेवटची स्पर्धा.” जगातली सर्वांत मोठी, अंतिम सामना आमच्याच गावात, दुकानापासून दहा मिनिटांवर! म्हटलं, आज नाही तर कधीच नाही. टोपी घातली, काळा चष्मा लावला आणि शेवटच्या रांगेत चोरासारखा जाऊन बसलो. बाजूचा माणूस वळून म्हणतो, “टेलर, माझी पँट झाली का?” तुम्हाला सांगतो, गळ्यात टेप! पिवळीधमक टेप तशीच लोंबतेय! मग काळा चष्मा तरी कशाला, काढून ठेवला खिशात!

तोवर शेवटचा चेंडू आला. परदेशी बाईचा चेंडू जॅकपासून चार बोटांवर. ही वाकली, हात मागे नेला... आणि माझा धीरच झाला नाही हो! माझ्यामुळे परत चरात गेला तर? डोळे गच्च मिटले, टेपचं टोक तोंडात कोंबलं. आधी शांतता... मग बारीकसा टक्... आणि सगळं मैदान उठून उभं! जिंकली! माझी बायको! रडलो मी, लाज कसली त्यात?

घरी पदक टेबलावर ठेवून ही विचारते, “कसा होता शेवटचा?”

“अप्रतिम! काय वळला!”

“खोटं बोलू नका. डोळे मिटले होते तुम्ही.”

“तुला काय माहीत?”

तर लाजली हो ही, या वयात! “चेंडू हातातून सुटला आणि ती पिवळी टेप दिसली... मग तुमच्याकडेच बघत राहिले. टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं, लागला म्हणून.”

म्हणजे बघा! मैदान खचाखच भरलेलं, सासूबाई पहिल्या रांगेत, सगळ्यांनी बघितला. आमच्या घरात मात्र, तुम्हाला सांगतो, दोघांनीही बघितला नाही हो!