पहिल्या पानावरची पेन्सिल

...आणि वर मलाच विचारतात, "सर, खुनी कोण ते आधीच कळलं, मग रहस्य राहिलं कुठं?" अहो, मी काय सांगू? साल त्र्याहत्तर होतं की चौऱ्याहत्तर, हेच मला धड आठवत नाही. त्यातलं जे लख्ख आठवतं त्याच्यावर तर माझा मुळीच विश्वास नाही, कारण तर्कशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की आपण चुकत असू. पण तेव्हा कागदाची टंचाई होती एवढं नक्की. त्या टंचाईत सोलापुरात एका माणसानं प्रेमाची आणि खुनाची कादंबरी लिहिली, आणि तो माणूस मी होतो, हेही... बहुतेक नक्की.

तुम्हाला सांगतो, लिहिली कशाला असं विचारू नका. दिवसा मुलांना 'सर्व माणसे मर्त्य आहेत' शिकवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन एकाला प्रत्यक्ष मारायचं, यात जी मजा आहे ती प्राध्यापक झाल्याशिवाय कळायची नाही! नाव ठेवलं 'कंबर तलावावरची किंकाळी'. तिच्यात नायिका निशिगंधा, तिचा एक अतिसज्जन वकील, एक मामा, एक नर्स आणि पहिल्याच पानावर तलावात तरंगणारं प्रेत. पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. चार महिन्यांनी परत! सोबत चिठ्ठी : 'कथानक बरे आहे. नायिकेच्या डोळ्यांच्या वर्णनाला तळटीप देण्याची गरज नव्हती.' आता मला सांगा, मी ती उपमा दुसरीकडून घेतली होती, मग तसं नमूद नको करायला? तळटीपा काढल्या, दुसऱ्याकडे पाठवली. त्यानं तर पुडक्याची सुतळीसुद्धा सोडली नव्हती. माझीच गाठ मी ओळखली!

शेवटी आमच्या शुक्रवार पेठेतच रुद्रप्पा होता. पुढं वाचनालय, मागं छापखाना. लग्नपत्रिका छापायचा, जत्रेची हँडबिलं छापायचा. त्यानं बाड हातात घेतलं, वाचलं नाही, नुसतं तोललं.

"सर, एकशे अठ्ठावीस पानांत बसवा. सोळा पानांचा एक फॉर्म, आठ फॉर्म. त्याच्या वर एक ओळ न्हाय. कागद कुटं हाय?"

"बसवतो."

"आन् नाव बाईचं टाकू. बायका बाईचंच वाचतात. कुमारी हेमलता."

"अहो, मी एम. ए., पीएच. डी...."

"ते मागच्या पानावर बी नको! आन् हे बघा, तीन म्हैने पुस्तक कपाटाला न टेकता फिरलं, तर दुसरं काढू. टेकलं, तर तुमी तुमचं कॉलेज बघा."

झालं! म्हणजे माझं सगळं लेखनाचं आयुष्य त्या तीन महिन्यांवर आलं. दुसरी कादंबरी तर माझ्या डोक्यात तयार होती, नायिका विजापूर रस्त्यावर रुसून बसलेली होती बिचारी! आणि पहिली फिरणार केव्हा? तर खुनी कोण ते शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही तर. एवढं एकच जपायचं होतं हो. एवढं एकच!

पण रुद्रप्पाकडे छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, होती एका फॉर्मापुरती. म्हणजे काय होतं बघा. सोळा पानं जुळवायची, छापायची, मग तेच खिळे सोडून, पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरात परत टाकून, पुढची सोळा पानं जुळवायची. म्हणजे छापलं ते छापलं! आठवा फॉर्म लिहिताना तुम्हाला वाटलं की दुसऱ्या फॉर्मातला चाकू डाव्या हातात हवा होता, तर आता तो चाकू डाव्या हातात देव जरी आला तरी जात नाही. आणि फॉर्मात शेवटी जागा उरली की मागून हाक यायची, "सर, आठ ओळी मोकळ्या हायत, भरा की!" मी छापखान्यात उभ्याउभ्या प्रेम लिहायचो. आठ ओळींचं प्रेम, पाच ओळींचं प्रेम. एकदा दीड ओळ उरली, तेव्हा नायकानं नुसता उसासा टाकला. लोक म्हणाले, काय संयम आहे लेखिकेचा!

खिळे जुळवणारा होता ईश्वर. सातवी शिकलेला, पण उलटं अक्षर तो सुलट्याहून जलद वाचायचा. तिसऱ्या फॉर्माला त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "सर, वकील हाय न्हवं खुनी?"

मी म्हटलं, "कशावरून?"

"दर प्रकरणात तुमी त्याला लई सज्जन दाखवताय. एवढा सज्जन वकील कुटं असतोय?"

आता मला सांगा, तिसऱ्याच फॉर्माला कळलं, मग रहस्य राहिलं कुठं? घरी आलो, जेवलो नाही, खुनी बदलला. केला मामा! मामावर संशय येईल अशा दोन ओळी चौथ्या फॉर्मात घातल्या. पाचव्या फॉर्माला भाजीवाली ईरम्मा मला कोथिंबीर देता देता म्हणते, "सर, तुमच्या पुस्तकात मामा खून करतोय म्हणं?" रुद्रप्पा! पुस्तकाची जाहिरात म्हणून येईल त्याला सांगत होता हा माणूस! आणि 'कुमारी हेमलता' म्हणजे मी, हेही भाजीबाजारात ठाऊक? मी म्हटलं, "रुद्रप्पा, अहो, हे गुपित आहे!" तर म्हणतो, "मग सर, सांगितल्याबिगर लोकांना कळंल कसं की गुपित हाय?" या वाक्याचं खंडन मला आजतागायत सापडलेलं नाही.

मग उरलं कोण? नर्स! पण नर्सला मी पहिल्याच फॉर्मात खुनाच्या आदल्या दिवशी गाडीत बसवून गुलबर्ग्याला पाठवलेली. आणि ते छापलेलं! मग काय करता? आठव्या फॉर्मात तिला दुधनी स्टेशनवर उतरवली, मालगाडीनं उलटी आणली, तलावावर खून करवला, पुन्हा पहाटेच्या गाडीनं रवाना केली, आणि हे सगळं कसं शक्य आहे ते इन्स्पेक्टरच्या तोंडून पाच मुद्द्यांत, आधारविधान आणि निष्कर्षासह, साडेतीन पानांत सिद्ध केलं. ईश्वरनं ती पानं जुळवली. मी म्हटलं, "ईश्वर, आता हे फक्त तुला आणि मला."

तो म्हणाला, "सर, माझं काम खिळे जुळवायचं. तोंड चालवायचं न्हाय."

पुस्तक आलं! गुलाबी मुखपृष्ठ, तलाव, तलावात चंद्र, आणि बाईचा हात, तोही छापताना थोडा चंद्राबाहेर सरकलेला. रुद्रप्पाच्या वाचनालयात ठेवलं, गावातल्या आणखी दोन वाचनालयांत दिलं. आठव्या दिवशी मी सहज म्हणून... सहज कसला, रोज जात होतो, पण आठव्या दिवशी पान उघडलं आणि बघतो तर पहिल्या पानावर, माझ्या प्रेताच्या डोक्यावर, पेन्सिलीनं : 'खुनी वकील आहे.'

अहो, तसाच दुसऱ्या वाचनालयात पळालो. तिथंही! तिसऱ्यात? तिथंही, आणि शिवाय शब्दांखाली रेघ मारलेली! वाचनालयातल्या पुस्तकांवर लोक लिहितात हो, 'छान', 'भिकार', 'शेवट वाचू नये' असं लिहितात. पण खुनी? पहिल्या पानावर? आणि तोही चुकीचा? म्हणजे ज्यानं कुणी लिहिलं त्याला माझी साडेतीन पानं कळलीसुद्धा नाहीत!

मी रबर घेतला. काय करणार? कोटाच्या खिशात रबर टाकून कॉलेजहून परस्पर तिन्ही वाचनालयं करायचो, पान उघडायचो, खोडायचो. पुढच्या आठवड्यात पुन्हा 'खुनी वकील आहे.' पुन्हा खोडलं. पुन्हा लिहिलेलं! कागद झिजून पलीकडची किंकाळी दिसायला लागली. घरी आलो की माझी बायको दाक्षायणी कोटावरचा रबराचा चुरा झटकायची आणि म्हणायची, "अहो, कॉलेजात काय खोडत असता दिवसभर?" तिला काय सांगणार? ती अक्कलकोटकडची, शाळा कानडीतली, मराठी वाचते ते पंचांगापुरती, असा माझा समज. मी चिडचिड केली की म्हणायची, "सुम्म कूडरी!" म्हणजे गप्प बसा. मी गप्प बसायचो.

पण डोकं गप्प बसेना. तर्क केला. वकील खुनी होता हे मुळात कुणाला ठाऊक होतं? मला आणि ईश्वरला. मी लिहिलं नाही. म्हणून ईश्वरनं लिहिलं. निर्दोष अनुमान! गेलो छापखान्यात, चारचौघांत म्हटलं, "ईश्वर, शेवटी केलंस ना? माझी थट्टा केलीस!"

त्याच्या हातात खिळ्यांची ओळ होती, ती त्यानं सांडू दिली नाही. सावकाश खाली ठेवली. म्हणाला, "सर, खून नर्सनं केलाय हे मी जुळवलंय. मग मी वकील कशाला लिवीन?"

उत्तर नसताना प्राध्यापक जे करतात तेच मी केलं, आवाज चढवला. त्या दिवसापासून ईश्वर माझ्याशी दोनच वाक्यं बोलायचा. "प्रूफ तयार हाय." आणि "ओळी मोकळ्या हायत." त्यात 'सर' नव्हतं.

आणि मग, तुम्हाला सांगतो, चीड यावी अशी गोष्ट घडली. पुस्तक चाललं! कपाटाला टेकेचना! तीन महिन्यांच्या आतच रुद्रप्पा नाचत आला, "सर, बायका नंबर लावायल्या! पयल्या पानावर वकील वाचतात, ऐटीत पुस्तक नेतात, आमाला सगळं म्हायती म्हणतात, आन् शेवटाला निघतीया नर्स! किंचाळतात की हो! मग शेजारणीला नेऊन देतात, आन् ती किंचाळती का बघत बसतात. तेवढं ते पेन्सिलीचं खोडू नका बरं का, त्याच्यावरच पुस्तक चाललंय."

म्हणजे ऐका! आठ फॉर्म मी रक्त आटवलं, दोनदा खुनी बदलला, दुधनीला मालगाडी थांबवली, आणि धक्का कशाचा? पेन्सिलीचा! तीन शब्दांचा! मग माझं रहस्य राहिलं कुठं?

दुसरी कादंबरी निघाली. तिच्यावरही पेन्सिल! 'दिवाणजीवर विश्वास ठेवू नका.' दिवाणजी बिचारा साफ निर्दोष. तिसरी, चौथी... अकरा कादंबऱ्या हो! दर वेळी मी पहिलं पान उघडायचो, आणि दर वेळी पेन्सिलीनं निवडलेला खुनी माझ्या खुन्यापेक्षा जास्त पटायचा. दोनदा तर वाटलं, अरे, हा का सुचला नाही आपल्याला? मी लेखक आहे की पेन्सिलीच्या पाठोपाठ चालणारा कारकून, हा विचार करत करतच निवृत्त झालो.

बावीस वर्षांनी रुद्रप्पाच्या मुलानं वाचनालय बंद केलं आणि माझी अकराही पुस्तकं गोणपाटात बांधून घरी पाठवली. स्वयंपाकघरातच गोणपाट सोडलं मी. पहिलं पान उघडलं, 'खुनी वकील आहे.' गोल गोल अक्षर, कानडी वळणाचं. सहज वर बघितलं. समोर फळीवर डबा, डब्यावर चिठ्ठी : 'शेंगा चटणी, पाहुण्यांची आहे.' तेच गोल अक्षर, खाली तीच रेघ!

"दाक्षायणी!"

"ओरडताय कशाला? व्हय, मीच."

"तू? अगं, केव्हा?"

"दुपारी दोन ते चार बायकांची वेळ असायची की वाचनालयात. तुम्ही कॉलेजात."

"पण का?"

तिनं चटणीचा डबा खाली घेतला, झाकण लावलं. "तुमचं रहस्य कळत होतं, अहो. सगळ्या पुस्तकात एकटीच नर्स गावाला गेली, आणि तिचं तिकीट तुम्ही दोनदा दाखवलं. मला चौदाव्या पानावरच कळलं की हीच. मग म्हटलं, लोकांना आधीच दुसऱ्या वाटेला लावलेलं बरं. नाहीतर दुसरं पुस्तक निघायचं नाही, आणि तुम्ही जेवायचं सोडाल."

चौदावं पान! अहो, चौदावं पान छापलं तेव्हा नर्स खुनी आहे हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं!

मी तसाच ईश्वरच्या घरी गेलो. म्हातारा झाला होता, चष्मा जाड. मी उभा राहूनच म्हटलं, "ईश्वर, चूक झाली माझी. ती पेन्सिल..."

"बसा, सर," तो म्हणाला. बावीस वर्षांनी 'सर' ऐकलं हो मी! "वैनी पेन्सिल माज्याकडनंच न्यायच्या. दर पुस्तकाला एक. मुद्दाम छापखान्याची, मऊ. खोडली की डाग उरत न्हाय म्हणून."

"तुला पहिल्यापासून ठाऊक होतं? मी चारचौघांत बोललो तेव्हाही?"

"व्हय की."

"मग बोलला का नाहीस?"

"वैनींनी सांगितलं होतं, सरांना कळू देऊ नको. आन् मी तुमाला सांगितलं होतं, सर. माझं काम खिळे जुळवायचं."

जाता जाता पक्कं करून घ्यावं म्हणून रुद्रप्पाच्या मुलाला विचारलं, भाजीवाल्या ईरम्मालाही विचारलं. सगळ्यांना ठाऊक होतं. अख्ख्या शुक्रवार पेठेला ठाऊक होतं. म्हणजे रहस्य राहिलं हो, बावीस वर्षं राहिलं, न फुटता राहिलं... फक्त ते राखायचं होतं एका माझ्यापासून.