ऑर्व्हिलचे सात सेकंद

हसू नका! अहो, दिवे गेले नाहीत, पडदा कोरा आहे आणि आत्तापासून खिदळताय? तुमचा तरी काय दोष म्हणा, सवय मीच लावली... एकतीस वर्षं दर ऑक्टोबरात याच शाळेच्या हॉलमध्ये माझी स्कीइंगची फिल्म, आणि तिच्यात मध्यंतराआधी दरवर्षी तोच जुना तुकडा, आपला पोस्टमन ऑर्व्हिल ओढ्यात धप्पकन! पाय वर, टोपी पाण्यात! सात सेकंद. अख्खं गाव लोटपोट, आणि तिसऱ्या रांगेत बसून ऑर्व्हिलही हसायचा. मला वाटायचं, गड्याला मजा येतेय.

तुम्हाला सांगतो, गेल्या हिवाळ्यात तो गेला आणि त्याची बायको नेल्डा दारात. "डेल, चर्चमध्ये अंत्यविधीला दाखवायला त्याची फिल्म दे. पडतो ती नको. वरची दे." वरची! अहो, होती ना वरची! कड्यापासून ओढ्यापर्यंत चाळीस वळणं घेतली होती पठ्ठ्यानं, एकासारखं एक, असं स्कीइंग मला जन्मात परत टिपता आलं नाही... आणि मी काय केलं? घेतली कात्री, वरचं सगळं केराच्या टोपलीत! का? तर वळणांना कोण हसतंय? हसू नका म्हटलं ना!

मी आपला, "त्याचं काय झालं नेल्डा, डब्यात उंदीर शिरला..." ती म्हणे, "आणि उंदरानं नेमकं वरचंच खाल्लं होय रे?" मग हळूच म्हणाली, "दरवर्षी इथं यायला निघताना म्हणायचा, यंदा डेल वरचं दाखवेल बघ." मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला. लाज वाटली, अजून वाटते.

म्हटलं, काय करू सांग. तर म्हणाली, "तू उतर. त्याच कड्यावरून. कॅमेरा मी धरते." अडुसष्टाव्या वर्षी! उभा जन्म 'पुन्हा एकदा, जरा वेगात!' असं दुसऱ्यांवर ओरडण्यात गेला, मी कशाला उतरतोय? पण गेलो मार्चमध्ये. ऑर्व्हिलची वळणं चाळीस. माझं... अर्धं. सातव्या सेकंदाला गळ्यापर्यंत बर्फात! पुढे तीन मिनिटं उठायची धडपड, एक पाय इकडे, एक तिकडे, मी ओरडतोय, "बंद कर गं!" आणि ती, "हलू नकोस, छान येतंय."

परवा हात जोडले, बाई, ती तीन मिनिटं तेवढी काप. म्हणाली, "यंदा काहीही कापायचं नाही, डेल."

ती बघा, मागे प्रोजेक्टरपाशी बसलीय. घालवा दिवे. आणि हसा आता... तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी आहे, त्याच्या वाटणीचंही हसा.