खुंटीवरची पिशवी

— नाही सर, पिशवीला हात नको. खुंटीवरच राहू दे. हलत नाही म्हणून काय झालं? कापडी पिशवीत अंधार असला की पाखरू गप्प बसतं — तुम्हीच शिकवलंत ना मला? बसा. चहा घ्या. आणि तो डबा बंद करा आधी, त्या औषधाचा वास साऱ्या खोलीत भरलाय.

दिसायला हा डोंगराखालच्या रानातल्या तांबड्या छातीच्या पक्ष्यासारखाच, मान्य! सगळ्यांनी त्यातच ढकलला ह्याला. पण रक्ताचा थेंब तपासला, तर निघालं काय? खालचा लांबचा चुलत — आणि सख्खं भावंड पलीकडच्या डोंगरावर! एका आळीत राहून सारखा शर्ट घातला म्हणून का कुणी भाऊ होतो? कधीकाळी दोन्ही डोंगरांवर एकच रान होतं — मधलं वाळलं, गवत झालं — आणि हा पठ्ठ्या इतका भित्रा, की उघड्या उन्हात यायचं नाव नाही. अडकला. लाखो वर्षं अडकला, आणि अडकल्या जागी वेगळाच होत गेला. नवी जात आहे सर, नवी कोरी!

हो, हो — मारून कापूस भरलेला नमुना कपाटात नसेल तर तुमचं मंडळ जात मानणार नाही. फोटो, आवाज, पिसं, रक्त, सगळं आहे — पण शिरस्ता तो शिरस्ता! मलाही हवं होतं, सर. आईचं नाव द्यायचं होतं ह्याला. खोटं कशाला बोलू, सकाळी तुमच्या आधी मीच औषधाचा बोळा भिजवला. पाखरू हातात घेतलं, पोटावर फुंकर मारली — तर पिसंच नाहीत. उघडं, ऊन ऊन पोट. अंडी उबवणारी मादी! माझ्या तळहातावर तिचं काळीज असं धडधडत होतं, की माझंच कुठलं नि तिचं कुठलं, कळेना —

काही नाही. चहा घ्या ना. माझा नवरा पाखरं धरायची जाळी काढायला गेलाय — म्हणजे, बघायला. बघायला गेलाय. असं काय बघताय? नवी जाळी लावायला तुमच्याकडे माणसं आहेत, ठाऊक आहे मला. पण जागा मी सांगितली तर! आणि मी सांगणार नाही. नाही मानली जात, तर नाही मानली. ती काय तुमच्या मानण्यावर जगतेय?

सर, नको —

बरं. उघडा पिशवी. माझा हातमोजा आहे तो.

चहा निवला तुमचा. डबा घ्या, आणि या आता.