घाटात ब्रेक गेला तेव्हा

मला भित्री म्हणता ना? मग हेही ऐका. मे महिन्यात आत्या आणि मी पोलादपूरहून एस.टी.ने महाबळेश्वरला निघालो होतो. "अगं, सावित्रीचं खोरं बघ तरी!" आत्या सारखी म्हणत होती, पण मी डोळे गच्च मिटलेले. अर्ध्या घाटात गाडी एकदम थांबली आणि ड्रायव्हरसकट सगळे उतरून झाडीत पळाले.

"ब्रेक गेला!" असं किंचाळत मी आत्याला खाली ओढलं.

तेवढ्यात म्हातारा कंडक्टर ओंजळभर करवंदं घेऊन झाडीतून आला. आत्याने लगेच पदर पुढे केला.

"तू पण खा गो बाय," तो मला म्हणाला, "बिरेक गेला असता तर गाडी हुबी ऱ्हायली असती काय?"