मावशीनं घेतलेली पासवर्डची परीक्षा

कॉम्प्युटर क्लासातली माझी नोकरी मावशीमुळं जाताजाता राहिली, ऐका. सर म्हणाले होते, "पोरींकडून पासवर्ड सांभाळायचा सराव घ्या. एकीचा जरी फुटला, तर उद्यापासून येऊ नका."

मी झरी गावच्या माझ्या मावशीलाच खोटी चोर करून, पासवर्ड काढून घ्यायला पोरींकडं पाठवलं.

मावशी बाहेर आली. "कुनीच सांगितला न्हाई गं. गाव कोनतं इचारलं, तर पालम, सोनपेठ, एवढंच बोलल्या."

माझा जीव भांड्यात पडला. सरांनी मात्र पासवर्ड म्हणून तीच गावं टाइप केली आणि सगळी मशीनं उघडली! मी दचकून चहा सांडला.

मावशीनं सहज विचारलं, "अन् सर, तुमचं गाव?"

सर घाईनं स्वतःच्या मशीनकडं वळले. "सांगतो मावशी, आधी पासवर्ड बदलू द्या."