चारशे माणसं आणि एक गुडघा

सर्व्हरवाला : …आणि नव्या सर्व्हरनं जांभईसुद्धा दिली नाही, मॅडम! चारशे जण एका दमात आत सोडले. एक्स-रेचा फोटो मागायचा अवकाश, की हजर! चाचणी पास, करा सही.

तपासनीस : हे चारशे जण कोण?

सर्व्हरवाला : खोटे हो, प्रोग्रामनं बनवलेले. पण खऱ्यांपेक्षा गुणी. पासवर्ड विसरत नाहीत, माझ्या नावानं बोटं मोडत नाहीत.

एक्स-रेताई : ऐकतेय मी! एक्स-रे विभागातून मुद्दाम जिने चढून आलेय. सोमवारी जुना सर्व्हर बंद करणार म्हणे? माझ्याकडे त्या दिवशी बावीस पेशंट आहेत. मोडका खांदा धरून माणूस कळवळत असतो, आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत बसतं.

सर्व्हरवाला : आता नाही फिरणार. पाव सेकंदात फोटो!

तपासनीस : जुन्याला सहा सेकंद लागतात. काका, इतका चांगला निकाल मला बघवत नाही.

सर्व्हरवाला : घ्या! नापास झालो असतो तर पेढे वाटले असतेत का? साहेबांना शब्द देऊन बसलोय मी.

तपासनीस : या चारशे जणांनी उघडलं काय?

सर्व्हरवाला : एक्स-रे.

तपासनीस : कुणाचा?

सर्व्हरवाला : गुडघ्याचा.

तपासनीस : सगळ्यांनी गुडघ्याचाच?

सर्व्हरवाला : पेशंटचे फोटो चाचणीला घ्यायचे नाहीत, हा तुमचाच नियम! मग घरून आणला. सासूबाईंचा. रीतसर विचारून.

एक्स-रेताई : अगं बाई! म्हणजे चारशे जण दिवसभर त्या माउलीचा एकच गुडघा बघत बसले?

सर्व्हरवाला : आलाय मात्र सुरेख.

तपासनीस : काका! पहिल्यानं मागितल्यावर सर्व्हरनं तो फोटो हाताशी काढून ठेवला आणि उरलेल्यांना तोच दाखवत राहिला. आतल्या डिस्क दिवसभर झोपल्या होत्या. जांभई देणार कोण? मी प्रोग्रामकडून चाळीस हजार वेगवेगळे बनावट फोटो करून आणलेत, ते चढवा. ताई, एक पेशंट आला की तुम्ही किती फोटो उघडता?

एक्स-रेताई : आधीचे सगळे. शेजारी शेजारी लावते. नाहीतर डॉक्टर विचारतात, हाड आज मोडलंय की तीन वर्षांपूर्वी?

तपासनीस : आणि बंद कधी करता?

एक्स-रेताई : घरी जाताना.

सर्व्हरवाला : दिवसभर उघडे? अहो, घरचा नळ तरी बंद करता ना?

एक्स-रेताई : नळाला लगेच पाणी येतं! तुमच्याकडे एकदा मिटलेला फोटो परत उघडेपर्यंत पेशंटचं हाड आपसूक जुळतं. म्हणून नाही मिटत.

तपासनीस : आमची खोटी माणसं एक उघडतात, लगेच मिटतात. काका, त्यांना ताईंसारखं वागायला लावा. सोडा आत.

(नवा सर्व्हर असा काही धापा टाकू लागला, की त्याच्या पंख्यांच्या वाऱ्यानं टेबलावरचा सहीचा कागद उडून जिन्यापर्यंत गेला, तो आणायला कुणी उठलं नाही.)

सर्व्हरवाला : किती?

तपासनीस : एकोणचाळीस सेकंद. एका फोटोला.

एक्स-रेताई : बावीस पेशंट, अन् एकेकाचे पाच-सहा फोटो… देवा!

तपासनीस : मी सही करत नाही. सोमवारी जुनाच चालेल. साहेबांशी मी बोलते.

सर्व्हरवाला : नको. गुडघा माझ्या घरचा, बोलणी मीच खातो. ताई, जरा बसा. तुमच्यासारखी माणसं बनवायची तर नीट कळायला हवं. सकाळी आल्यावर पहिलं काय करता?

एक्स-रेताई : पर्स ठेवते.

सर्व्हरवाला : तेही लिहू?

एक्स-रेताई : लिहा. तेवढ्यात पहिला पेशंट दारात उभा असतो.